एक वाजेपर्यंत टिकलं पाहिजे

आमच्या घरी सकाळी काय शिजणार हे कोणाच्या जिभेवर ठरत नाही, दुपारच्या एक वाजण्यावर ठरतं. एक वाजता झाकण उघडल्यावर भाजी कशी दिसेल, भाकरी वाकेल का तुटेल, रस्सा दप्तरात उतरून भूगोलाच्या वहीपर्यंत पोचेल का, एवढ्या परीक्षा पास होणारा जिन्नसच कढईत पडतो. चव ह्या यादीत आहे, पण बरीच खाली. लातूरचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डबे निघतात मुलाचा, मुलीचा, ह्यांचा आणि माझा. हे रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षक आहेत, मोटारसायकलवर जातात, त्यामुळे त्यांच्या डब्याला रस्त्यातल्या खड्ड्यांचाही हिशेब धरावा लागतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरीच असतात. त्यांना डबे भरून जे उरतं ते ताटात मिळतं. ‘घरचं साधं जेवण’ म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात ते आमच्याकडे खरं तर डब्यातलं उरलेलं असतं. आत्याबाई तक्रार करत नाहीत. कधीतरी एवढंच म्हणतात, “आज बी गवारच केलीस का गं?”

हो, गवारच. गवारीइतकी इमानदार भाजी मी पाहिलेली नाही. तिला पाणी सुटत नाही, रंग फारसा बदलत नाही, आणि शेंगदाण्याचं कूट घातलं की चार तासांनी मुरून उलट जास्त बरी लागते. भेंडीचं तसं नाही. गरम असताना झाकण लागलं की वाफेनं ती चिकट होते. दोडक्याला पाणी सुटतं. पालक काळा पडतो. मोड आलेली मटकी फेब्रुवारीपर्यंत बिनघोर द्यावी, मार्चनंतर तिच्यावर विसंबू नये. वांगं चांगलं टिकतं, भरलेलं तर फारच छान, पण मुलीच्या मते ते ‘दिसायला’ चांगलं नाही, आणि दिसणं हा अलीकडे वाढलेला पेपर आहे. बटाटा सगळ्यात पास होतो. म्हणूनच मला त्याचा थोडा राग आहे.

ही डब्याची कटकट नोकऱ्या, शाळा आणि क्लासेसमुळे मागे लागली असं बायका म्हणतात. मला ते पटत नाही. मराठवाड्याचं जेवण मुळातच बांधून न्यायचं जेवण आहे. माझं माहेर औसा तालुक्यातलं. शेत घरापासून लांब, सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला परत यायचा. बरोबर ताट नाही, वाटी नाही, आणि भांडी विसळायला पाणी तर नाहीच नाही. मग ताटाचं काम भाकरीनंच करायचं. तिच्यावर ठेचा, नाहीतर कारळाची किंवा जवसाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि असलंच तर घट्ट बेसन. ताट खाऊन टाकलं की जेवण संपलं. मागे विसळायला काही उरत नाही.

आमच्या खाण्यातला कोरडेपणा आणि तिखटपणा बाहेरच्या लोकांना रांगडेपणा वाटतो. मला त्यात हिशेब दिसतो. भाजलेले शेंगदाणे, तीळ, कारळं ह्यांत ओलावाच नसतो, तर खराब काय होणार? लसूण, मीठ आणि तेलात परतलेली मिरची दिवसभर उन्हात राहिली तरी बिघडत नाही. भुरका ह्याच जातीचा. तेलात लसूण, तीळ, दाण्याचं कूट आणि वरून लाल तिखट, की झालं. घरात माळवं, म्हणजे भाजीपाला, नसलं तरी भाकरी खाली उतरते. येसराचंही तेच. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले खमंग भाजून दळून ठेवले की ते पीठ महिनोन्‌महिने राहतं. रात्री पाहुणा आला तर फोडणी करून पाणी उकळायचं, येसर कालवून सोडायचं, दाट आमटी तयार. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि दही घालून केलेले धपाटे तर प्रवासासाठीच आहेत. पंढरीच्या वाटेला लागलेल्या कुठल्याही पिशवीत हात घाला, धपाटे निघतील.

आमचा सणसुद्धा डब्याचाच आहे. वेळ अमावस्या, आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतलं माणूस घरात सापडत नाही, सगळा स्वयंपाक उचलून शेतात गेलेला असतो. आदल्या दिवशीपासून बायका तुरीचे-वालाचे-हरभऱ्याचे दाणे सोलत बसतात, त्यात पालेभाज्या आणि हरभऱ्याचं पीठ घालून भज्जी शिजते. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करून त्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेजारच्या शेतकऱ्यांना आवाज देऊन जेवायला बोलवायचं. ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवतोच. त्या दिवशी लातूरचे रस्ते असे ओस पडतात की नवीन बदलून आलेला साहेब घाबरावा. दिवाळीपेक्षा हा सण मला जास्त आपला वाटतो, आणि त्याचं एक कारण अगदी क्षुद्र आहे. बांधून नेलेलं जेवण त्या एकाच दिवशी माझ्यासकट सगळे एका जागी बसून खातात.

आता भाकरीचं. हिच्याबद्दल लिहायला बसलं की थांबवत नाही, तर थोडं सहन करा.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा लवचीकपणा नसतो. कणीक तिंबून ठेवली की आपली आपण सावरते, ज्वारीच्या पिठाला तुम्हीच सावरायचं. म्हणून आधणाचं पाणी. कडकडीत पाण्यानं पीठ थोडं उकडल्यासारखं होतं आणि चिकटपणा धरतं. मग तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळायचं, एका वेळी एका भाकरीपुरतंच. पीठ ताजं हवं. फार दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते, मग गोळा कितीही मळा, थापताना काठ फाटणारच. आमच्या गिरणीवाल्याला माहीत आहे, मी महिन्याचं दळण एकदम देत नाही. थापून झाल्यावर भाकरी उचलून तव्यावर टाकायची, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. घाई केली तर चिकटते, उशीर केला तर वरच्या पापुद्र्याला भेगा पडतात. ही वेळ कोणी सांगून कळत नाही. शेवटी जाळावर धरली की टम्म फुगते.

फुगलेली भाकरी डब्यात भरणं ही वेगळीच विद्या आहे. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर तिला आतल्या आत घाम येतो आणि एक वाजता ओलसर लगदा हाती लागतो. फार गार होऊ दिली तर वाळलेल्या पानासारखी तुटते. म्हणून आधी टोपल्यात थोडा वेळ वाफ जाऊ द्यायची, आणि कोमट असतानाच सुती फडक्यात घडी घालायची. फडकं ओलावा पितं आणि थोडा राखूनही ठेवतं. तो चांदीचा कागद मी आणून पाहिला, मला आवडला नाही. तो फक्त कोंडून ठेवतो.

एवढी माया असूनही आमच्या डब्यांत आठवड्यातून बहुतेक दिवस पोळीच असते, हेही लिहायला पाहिजे. कारणं सरळ आहेत. पोळी गार झाली तरी मऊ राहते, पटपट होते, मुलांना आवडते. पण शेतातली कारणंही आहेत. रब्बीची ज्वारी हातानं उपटून काढायची असते. आधी पाखरं राखा, मग काढणी, मग कणसं खुडणी, मग मळणी, आणि मजूर मिळत नाहीत. सोयाबीन जूनमध्ये पेरलं की दिवाळीच्या तोंडावर पैसा देतं, मळणी यंत्रातून निघतं. मग ज्वारी कोण पेरणार? माझा भाऊ पेरतो, तेही कडबा लागतो म्हणून, जनावरांसाठी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर लिहिले होते. कागदावर सगळ्यात स्वस्त होती ती ज्वारी-बाजरी. गावातल्या दुकानात पोत्यांतून निघाले ते बहुतेक गहू आणि तांदूळ. आता तर बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. भाकरी गरिबाची म्हणणाऱ्यांनी एकदा आडतीवर जाऊन भाव विचारावा.

मुलीच्या शाळेनं मध्यंतरी डब्याचं वेळापत्रक दिलं होतं. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी इडली किंवा डोसा, असं शनिवारपर्यंत. त्यात भाकरी कुठेच नव्हती. मी विचारलं तर मॅडम गोड हसून म्हणाल्या, मुलांना नीट तोडता येत नाही आणि चुरा सांडतो. मग २०२३ साल उजाडलं. संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं होतं. त्याच शाळेतून चिठ्ठी आली, अमुक तारखेला मिलेट डे आहे, ज्वारी किंवा बाजरीचा ‘नावीन्यपूर्ण’ पदार्थ पाठवावा. एका मुलीनं भाकरीवर चीज घालून पिझ्झा आणला होता, तिला बक्षीस मिळालं. माझ्या मुलीनं फडक्यात बांधून धपाटे नेले होते. मैत्रिणींनी ते संपवले, बक्षीस काही मिळालं नाही. आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हंजी ज्वारीचा बी डे असतो का आता?”

डब्याची खरी कसोटी मात्र मी माहेरी पाहिली, एसटीच्या डब्याची. माझा भाऊ अकरावी-बारावीला लातुरात खोली करून राहिला होता. बारावीच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’चं नाव सगळीकडे झालं होतं आणि आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं अशीच खोल्या करून राहायची. मेसचे पैसे परवडणारे नव्हते. गावात रात्री मुक्कामी गाडी यायची आणि पहाटे लातूरला परत निघायची. माय चार वाजता उठायची, चुलीवर भाकऱ्या, भाजी, चटणी, सगळं करून दोन खणी डबा फडक्यात घट्ट बांधायची. मी तो घेऊन गाडीकडे पळायचे. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणाजवळ डब्यांची रांग लागलेली असे. प्रत्येकावर नाव कोरलेलं, तरी ओळख नावानं नसायचीच, फडक्यानं असायची. आमचं हिरव्या काठाचं होतं, मायच्या जुन्या लुगड्याचं. लातूरच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी असत. गाडी लागली की गलका, आणि दोन मिनिटांत रांग रिकामी.

तो डबा एक वाजेपर्यंत टिकून भागत नसे. अर्धा सकाळी आणि अर्धा रात्री खायचा, म्हणजे इंजिनाच्या धगीजवळून आलेलं अन्न रात्री नऊला खाण्याजोगं राहिलं पाहिजे. मायनं त्यावर काही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वरच्या खणात सकाळची भाजी, खालच्या खणात रात्रीसाठी कोरडं बेसन नाहीतर चटणी, आणि भाकऱ्यांत दोन धपाटे सरकवलेले. उन्हाळ्यात कांदा कापून नाही, अख्खा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत यायचा, बहुधा न धुतलेला, आणि त्यात कधी वहीच्या पानाचा तुकडा: ‘लसणाची चटणी जास्त पाठव. पवारच्या डब्यात लोणचं होतं.’ माय ते माझ्याकडून वाचून घ्यायची. दुसऱ्या दिवशी चटणी जास्त जायची, लोणचं मात्र जायचं नाही, कारण घरात नसायचं.

ह्या डब्यांचं भाडं कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला कंडक्टरच्या हातात फराळाची पुडी पडायची, तेवढंच. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात भावाचाच मुलगा लातुरात शिकत होता. गाड्या बंद तर डबे बंद. तो आमच्याकडे जेवायला यायला लागला आणि माझ्या पोळीला नावं न ठेवता खायला लागला. त्याच्या आईनं मात्र फोनवर मला रोज विचारलं, “काय दिलंव ताई आज?” तिच्या आवाजात आभार कमी आणि तपासणी जास्त होती. मला राग नाही आला. मीही तशीच विचारीन.

पाण्याचं म्हणाल तर लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे देशभर छापून आलं. घरात त्याचा अर्थ असा होता की पालेभाजी बंद. मेथी किंवा शेपू दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय माती जात नाही. तिथे भाजी धुवायला पाणी कोण घालवणार? डबेसुद्धा आधी कागदानं पुसायचे, मग वाटीभर पाण्यात विसळायचे, आणि ते पाणी कुंडीत. तेव्हा आत्याबाईंनी बरणीतलं वाळवण काढलं, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, गवारीच्या काचऱ्या, सांडगे. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढलेला. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, ह्यावर त्यांचं घर जगलं. “त्या मिलोची भाकर बांधून न्यायचो,” त्या सांगतात, “पन ती खाताना मान वर करू वाटत नव्हती.” यापुढे त्या बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.

माझ्या ऑफिसात दीडला आम्ही सगळ्या एकत्र बसतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे शाळेत शिकलो, पण खरं कळतं ते इथल्या डब्यांवरून. एका मैत्रिणीच्या डब्यात मसुराची पिवळी खिचडी आणि छोट्या डबीत खट्टा असतो, चिंचेचा कोळ, भाजलेल्या तिळाचं वाटण आणि कच्चा कांदा. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही तिच्या डब्यावर जास्तच हक्क सांगितला. दुसरीच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची तेल सुटलेली चटणी. माझी गवार ह्या पंगतीत फार चालत नाही, तरी संपते. बाकी ऑफिसातले पुरुष वेगळे बसतात आणि आपला डबा कोणी भरला हे माहीत असूनही ‘आज मी काय आणलंय बघ’ असं म्हणतात. ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त नोंद करून ठेवते.

डब्यात कधीच न गेलेल्या पदार्थांची माझी एक वेगळी यादी आहे. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची तेलकट चर्र फोडणी ओतलेली. हुलग्याचे शेंगोळे. वरणफळं. ह्यांना ताटच लागतं, आणि तेही लगेच. दहा मिनिटं उशीर झाला की शेंगोळ्यांचा रस्सा आटून लापशी होते. मे महिन्यात शाळा-क्लास बंद झाले की मी हेच करते, आणि आत्याबाईंच्या ताटात तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं गरम पडतं.

ह्या मे महिन्यात मुलगा रिकामा होता. बारावी झाली, जूनमध्ये पुण्याला जायचं. बरोबर काय देऊ विचारलं तर म्हणाला, येसर दे, भुरका करायला शिकव, आणि भाकरी. पीठ इथून नेतो म्हणाला. मी म्हटलं, नेलेलं पीठ महिन्यात कामातून जाईल, तिथे गिरणी शोध. आत्याबाईंना आधी हे काही रुचलं नाही. “पोराला भाकर थापाया लावायलीस?” म्हणाल्या. मग स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. पाणी कमी झालं. अजून मळ. हात काय फिरवायलास, जोर लाव की. त्यानं थापायला घेतली, ती एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, आणि काठाला चारी बाजूंनी चिरा.

“आजी, पिठालाच विरी नाही,” तो म्हणाला.

“कालच दळून आणलंय बाबा ते. सरक.”

त्याच परातीतला, त्याच पिठाचा गोळा त्यांनी घेतला. गुडघे दुखतात म्हणून उभ्यानंच, ओट्यावर. थापली, टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली. टम्म फुगली. हा मोबाईल धरून उभा.

“आजी, परत एकदा. हात दिसला नाही.”

“दावते की,” त्या म्हणाल्या. “पीठ तू मळ.”